ग्रिगोरेच्या पायातली बेडी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये, ओल्तेनियातल्या आमच्या गावात हे घडलं. माझा दीर ग्रिगोरे लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला.

ग्रिगोरे आणि माझा नवरा इलारी, दोघंही नोव्हेंबरातले. एकाच महिन्यात जन्मलेल्या भावांपैकी एक गेला, की तो दुसऱ्याला ओढतो. म्हणून शवपेटी बंद करण्याआधी दोघांचा एकेक पाय घोड्याच्या बेडीत अडकवतात. मग बाहेरचं कुणीतरी कुलूप उघडतं आणि जिवंत भावाला सांगतं, "आजपासून मी तुझं भावंड." की सुटका.

शेजारचा तुदोर किल्ली घेऊन वाकला.

किल्ली फिरेना...

"घाम फुटला की रे तुला," इलारी म्हणाला. त्याने डाव्या पायातला बूट काढला आणि पाय बेडीतून ओढून घेतला. "हा बघ, सुटलो. आता पाऊस यायच्या आत आटपा."

"असं चालत नाही रे बाळा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, गेलेल्याला काय कळतंय?"

पेटीला खिळे बसले. बेडी आतच राहिली.

त्याच संध्याकाळी अंगणात आवाज आला...

खण्ण... खण्ण...

घोडा तर आम्ही कधीच विकला होता.

आवाज रोज दाराच्या जवळ येत गेला. आणि इलारीचा डावा पाय गार पडत गेला. आधी घोटा, मग पोटरी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तो अंथरुणालाच खिळला.

एका सकाळी तो म्हणाला, "झांफिरा, ग्रिगोरे पायाशी बसलाय गं. चल म्हणतोय."

मला माझा नवरा हवा होता. मी तुदोरला घेऊन भर दुपारी कब्रस्तान गाठलं.

"खणतो वहिनी, पण ते शब्द मी म्हणणार नाही. मला लेकरंबाळं आहेत."

"किल्ली दे इकडे."

पेटी उघडली. ग्रिगोरेचे गाल लाल होते...

बेडीच्या एका कड्यात त्याचा पाय होता. दुसरं कडं रिकामं.

मी हात लावला. ते कोमट होतं.

किल्ली या वेळी सहज फिरली. नवऱ्याला भावंड कसं म्हणायचं, हा विचार करायला वेळ नव्हता. "आजपासून मी तुझं भावंड," मी म्हणाले.

घरी आले तर इलारी उठून बसला होता, कांद्याबरोबर मक्याची लापशी खात. पाय गरम. मी त्याच्या गळ्यात पडून रडले.

"खुळी की काय तू," तो म्हणाला.

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "शब्द म्हणताना समोर कोण होतं गं?"

इलारी तर घरी होता. तिथे समोर फक्त ग्रिगोरे होता...



इलारी आता ठणठणीत आहे. अंगणात आवाज येत नाही. आता तो मी चालते तेव्हा येतो, आणि फक्त मलाच ऐकू येतो.

कालपासून माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गार आहे. इलारीला सांगितलं, तर तो किल्ली घेऊन तडक कबरीकडे निघेल, आणि ग्रिगोरे पुन्हा त्यालाच ओढेल. म्हणून आज सकाळी मी ती विहिरीत टाकली.