लियोंमध्ये कापलेलं रेशीम

पावसाची सर आली तेव्हा व्हेर्लेनं छत्री डोक्यावर नाही, काखेतल्या पुडक्यावर धरली. लियोंमधल्या क्रुआ-रूस टेकडीच्या उतारावर एप्रिलातला पाऊस असाच येतो, आधी ऊन, मग काही न विचारता धो धो. दगडी पायऱ्यांवरून ती धावत सुटली आणि दिसला तो पहिला जाड लाकडी दरवाजा ढकलून आत शिरली. आत घरांच्या पोटातून पलीकडच्या गल्लीत जाणारा बोळ होता. ठेंगणी कमान, ओल्या भिंतींचा वास… आणि एक माणूस.

तोही निथळत होता. अंगावर नुसता शर्ट. कोट काढून त्यानं हातातल्या लांबलचक पिशवीला गुंडाळला होता, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि पुडकं कोरडं ठाक. त्याच्याही केसांतून पाणी गळत होतं आणि पिशवी कोरडी ठाक. आधी कोण हसलं, ते नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

"काय आहे त्यात? बाळ?" त्यानं विचारलं.

"रेशीम. आणि तुमच्याकडे?"

"माझ्या बहिणीचं लग्न," तो म्हणाला. "परवा आहे. हा आमच्या आईचा झगा, आत्ताच धुलाईवाल्याकडून आणला… तुम्ही इथल्या नाही दिसत."

"बोलण्यावरून कळलं?"

"नाही, तुमचं फ्रेंच छान आहे. पण इथल्या बायका पावसात रेशीम घेऊन पळत नाहीत."

"आणि इथले पुरुष?"

"ते कोट काढून भिजतात," तो गंभीरपणे म्हणाला, आणि लगेच शिंकला.

व्हेर्ले बेल्जियममधल्या गेंटची. तिथे एका चष्म्याच्या दुकानात ती काम करायची. पण दुकान बंद झालं की तिचा खरा दिवस सुरू व्हायचा, शिलाई मशीनसमोर. दर वसंतात ती गोडेलिव्ह मावशीबरोबर प्रवासाला निघायची. दोघींचा करार पक्का होता. सकाळ मावशीची, म्हणजे देवळं, मनोरे, राजवाडे. दुपार व्हेर्लेची, म्हणजे कापड, बटणं, लेस, दोरे. "पॅरिसला येऊन मनोऱ्याकडे पाठ करून लोकरीचं कापड चाचपणारी तू एकटीच असशील," मावशी चारच दिवसांपूर्वी म्हणाली होती. वर हेही म्हणाली होती की, "आणतेस ढीगभर, शिवतेस कुठे?" ते मात्र खरं होतं. साधं सुती कापड व्हेर्ले डोळे मिटून कापायची. पण उंची कापडाला कात्री लावायची वेळ आली की तिचा हात थांबायचा. एकदा कापलं की कापलं… चुकलं तर? मग ते कापड पुन्हा घडी होऊन कपाटात जायचं. आजचं हस्तिदंती रेशीम तर तिनं एका म्हाताऱ्या विणकराकडून घेतलं होतं, स्वतःसाठी, कुठल्यातरी पुढच्या मोठ्या दिवसासाठी.

"बघू झगा?" तिनं विचारलं. तिला राहवेना.

त्यानं पिशवीची चेन थोडी खाली ओढली. तापवलेल्या दुधाच्या सायीसारखा रंग, लांब बाह्या, गळ्याला बारीक लेस. व्हेर्लेची बोटं आपोआप आत गेली, चोळीवरून बगलेपर्यंत… आणि तिथेच थबकली. तिनं कापड उजेडाकडे धरलं. दोन्ही बगलांखाली रेशीम उभ्या धाग्यात फाटलं होतं, कंबरेपर्यंत. आरपार तिचीच बोटं दिसत होती.

त्याचा चेहरा उतरला. "हे… मी केलं? पळताना?"

"नाही, नाही. रेशीम म्हातारं झालंय. घामानं आतून विरत जातं ते. धुलाईत उरलासुरला जीव गेला, एवढंच."

"आमची शिवणकाम करणारी बाई मार्सेयला गेलीय, नातू झालाय म्हणून. आणि क्लेमाँसला दुसरा झगा नकोय. आईचाच हवा. आई गेल्या वर्षी…" त्यानं वाक्य सोडून दिलं.

पाऊस कमानीबाहेर वाजत राहिला.

"मी करून देऊ?" व्हेर्ले म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"तुम्ही शिवणकाम करता?"

"हौशीनं. तशी मी चष्मे विकते."

"चष्मे," तो सावकाश म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. "बरं आहे. निदान टाके सरळ दिसतील तुम्हाला."

त्याचं नाव आन्सेल्म.

संध्याकाळी हॉटेलवर मावशी पाय बादलीत सोडून बसली होती. टेकडीवरचं मोठं देऊळ चढून आल्याचा अभिमान तिच्या तोंडावर होता आणि सूज पायांवर.

"म्हणजे इटलीला, कोमोला जायची उद्याची गाडी सोडायची? तलाव काय म्हणेल?" व्हेर्लेचं सगळं ऐकून तिनं विचारलं.

"तलाव कुठे पळून जातोय? रविवारी जाऊ."

"कसा आहे?"

"चोळीचं रेशीम गेलंय, पण घागरा चांगला आहे."

"अगं, मी झग्याचं विचारत नाहीये," मावशी म्हणाली आणि पाय पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेर्ले आन्सेल्मच्या घरी पोहोचली. टेकडीच्या माथ्यावरचं जुनं विणकरांचं घर. एकेकाळी उंच माग मावावेत म्हणून बांधलेलं, त्यामुळे छत कुठल्या कुठे आणि खिडक्या माणसाच्या दुप्पट. उजेड नुसता ओसंडत होता. आन्सेल्मनं आईचं पायाचं मशीन रात्रीच पुसून, तेल घालून ठेवलं होतं. भिंतीवर नकाशेच नकाशे.

"दादा भूगोल शिकवतो," क्लेमाँसनं सांगितलं. ती उद्याची नवरी, पण घरभर अनवाणी फिरत होती. "जगातल्या सगळ्या नद्या पाठ. आणि स्वतः? शेजारच्या ग्रनोबलच्या पुढे गेलेला नाही."

"क्लेमाँस…"

"खरं ते सांगतेय. यांना कळू दे कोणाच्या घरात बसल्यात."

ती केस करून घ्यायला बाहेर पडली आणि घर एकदम शांत झालं. व्हेर्ले चोळी उसवू लागली. जुना दोरा ताठ झाला होता, टचटच तुटत होता. आन्सेल्म समोर बसून टाचण्यांची डबी धरून होता.

"खरंच कुठे गेला नाहीत?"

"आई आठ वर्षं अंथरुणावर होती," तो म्हणाला. "क्लेमाँस लहान होती. आधी जाता येत नव्हतं. मग… सवय झाली. आता बॅग भरायची म्हटली तरी छातीत धडधडतं. हसू नका."

"मी नाही हसत."

बगलांच्या दोन्ही पट्ट्या निघाल्या. आता तिथे नवं कापड हवं होतं, आणि रंग जुळायला हवा होता. आन्सेल्मनं सकाळीच खालच्या दुकानांतून चार नमुने आणून ठेवले होते. व्हेर्लेनं एकेक झग्याशेजारी धरला. एक निळसर पांढरा, एक पिवळट, दोन नुसतेच चकचकीत. खिडकीतल्या उजेडात चारही परके दिसत होते.

तिला माहीत होतं कुठला जुळेल. सकाळी निघताना पुडकं पिशवीत का टाकलं, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं इतकंच. तिनं दोरी सोडली. हस्तिदंती रेशीम टेबलावर पसरलं, मऊ, गार, घरंगळणारं. झगा त्याच्याशेजारी ठेवला… मायलेकींसारखी दिसली दोन्ही.

"नको," आन्सेल्म लगेच म्हणाला. "हे तुमचं आहे. तुम्ही ते पावसातून… नाही, नको."

व्हेर्लेनं खडूनं खुणा केल्या. कात्री उचलली. हात थांबला, नेहमीसारखाच. रस्त्यावरून कुणीतरी शीळ घालत गेलं.

"भीती वाटते?" त्यानं हळूच विचारलं.

"खूप. माझ्या कपाटात असं किती कापड पडलंय माहितेय? सगळं चांगलं चांगलं. कशालाच हात लावलेला नाही."

"मग मी काहीतरी बोलत राहू? माझ्या वर्गातली मुलं घाबरली की मी नद्या म्हणायला लावतो. रोनच्या उपनद्या. एन…"

"सोन," ती म्हणाली.

"शाबास. इझेर…"

इझेरवर तिनं कात्री चालवली. एक लांब, करकरीत आवाज झाला. पहिली पट्टी निघाली, सरळसोट. व्हेर्लेनं श्वास सोडला आणि मान वर केली तर आन्सेल्म तिच्याकडे असा बघत होता, जणू तिनं टेबलावरून उडी मारून नदी ओलांडली होती. घाईघाईनं टाचणी पुढे करताना त्यानं ती स्वतःच्याच बोटात खुपसली.

"अरे! बघू… झग्यापासून लांब हो आधी! तुझं रक्त सांडेल त्याच्यावर!"

तो बोट तोंडात घालून दूर झाला. डोळे मात्र हसत होते. "'तू' म्हणालात."

"काय?"

"मला 'तू' म्हणालात. एका टाचणीत. इथे लोकांना महिना लागतो."

व्हेर्लेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "घाईत निघून गेलं तोंडून."

"राहू दे ना," तो म्हणाला. "मलाही तेच आवडेल… तुला चालत असेल तर."

तिनं दोऱ्याचं रीळ उचललं. मशीनमध्ये दोरा ओवला. दोनदा चुकला.

दुपारी त्यानं तिला गुलाबी बदामपाकाचा टार्ट खाऊ घातला, टेबलापासून चांगलं लांब बसवून, हात धुतल्याशिवाय परत येऊ दिलं नाही. उन्हं कलायच्या आत शेवटची टीप पडली. क्लेमाँसनं झगा घातला, हात वर केले, खाली केले, गिरकी घेतली. जोड कुठे आहे ते तिलाही सापडेना. मग ती आरशासमोर एकाएकी स्तब्ध झाली, आणि वळून तिनं व्हेर्लेला मिठी मारली ती सोडेचना.

"उद्या तुम्ही यायचंच," ती व्हेर्लेच्या खांद्यात म्हणाली. "मावशींना घेऊन. नाहीतर मी नगरपालिकेत लग्न लावताना 'हो' म्हणणारच नाही."

लग्नाला मावशी हिरवी टोपी घालून आली. अंगणात लांब टेबलं मांडली होती, बोजोले वाइन वाहत होती, अकॉर्डियन वाजत होतं. नवरदेवाच्या काकांनी मावशीला नाचायला नेलं ते परत आणलंच नाही. झाडाखाली आन्सेल्म आणि व्हेर्ले उभे राहिले, दोघांत बोटभर अंतर ठेवून.

"क्लेमाँस उद्या नाँतला जाते," तो म्हणाला. "नवऱ्याची नोकरी तिकडे आहे."

"आणि तू? शाळेच्या सुट्टीत?"

"नकाशे रंगवीन."

व्हेर्लेनं हातातला ग्लास ठेवला. "आमच्याबरोबर चल. कोमोला. चार दिवस."

अकॉर्डियनची धून संपून दुसरी सुरू झाली.

"मला जमणार नाही," तो शेवटी म्हणाला. "यायचं नाही असं नाही गं… पण नाही जमणार. तू रागावलीस?"

"नाही." ती खरंच रागावली नव्हती. एक गोष्ट सांगायची राहिली होती, एवढंच. एरवी तिनं ती तशीच ठेवली असती, पुढे कधीतरी बोलू म्हणून. आज तिनं तसं केलं नाही. "मला तू आवडतोस, आन्सेल्म. सांगून टाकते. त्याचं तू काहीही केलं नाहीस तरी चालेल. पण मी ते न सांगता घरी घेऊन जाणार नाहीये."

तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात कुणीतरी त्याला नवरीच्या भावानं दोन शब्द बोलायलाच हवेत म्हणून ओढून नेलं. मग भाषणं झाली, केक झाला, आणि निरोप घेताना त्यानं फक्त तिचा हात हातात धरला, जरा जास्तच वेळ.

रविवारी सकाळी पार-द्यू स्थानकावर गर्दी होती. मावशीनं गाडीत खिडकीची जागा धरली आणि नकाशाची घडी उलगडली. व्हेर्लेनं एकदाच फलाटाकडे पाहिलं आणि ठरवलं की पुन्हा पाहायचं नाही.

"ही जागा रिकामी आहे का?"

आन्सेल्म दारात उभा होता. पांढराफटक चेहरा, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, हातात शाळेत न्यायची चामडी बॅग.

"तू…"

"काही बोलू नकोस," तो म्हणाला. "बोललीस तर मी उतरेन. काल भाषण करताना माझे पाय लटपटत होते. तुझे नव्हते लटपटत ते सांगताना?"

"भयंकर लटपटत होते."

"हो ना? तरी बोललीस. रात्रभर मला तेच आठवत होतं." तो तिच्याशेजारी बसला. "मलाही तू आवडतेस, व्हेर्ले. हे फलाटावरून ओरडून सांगणं बरं दिसलं नसतं."

मावशीनं नकाशा थोडा वर धरला. "बॅगा उतरवायला कोणीतरी हवंच होतं," ती नकाशामागून म्हणाली.

गाडी हलली. शँबेरीपर्यंत तो ताठ बसून राहिला. मग डोंगर जवळ आले, बर्फ दिसू लागलं, आणि तो खिडकीला नाक लावून एकेका शिखराचं नाव घेऊ लागला, ओळखीची माणसं भेटावीत तसा. सीमेजवळच्या मोदानच्या पुढे मात्र त्याचा आवाज बारीक झाला.

"आता मोठा बोगदा येईल. पलीकडे इटली. मी दरवर्षी मुलांना शिकवतो." तो खिडकीपासून मागे सरला. "बोगदा संपेपर्यंत हात धरशील?"

तिनं धरला. अंधार आला, काचेत दोघांचे चेहरे उमटले, शेजारी शेजारी. तो डोळे मिटून बसला होता. तिनं त्याच्या बोटांत बोटं गुंफली, टाचणी टोचलेल्या बोटासकट. गाडी डोंगराच्या पोटातून धडधडत राहिली… धडधडत राहिली… आणि मग एकदम ऊन आलं, हिरवं, लख्ख, परक्या देशाचं.

"संपला," ती म्हणाली.

"हो," आन्सेल्म म्हणाला. त्यानं डोळे उघडले आणि बाहेर पाहायचं सोडून तिच्याकडेच पाहिलं.

समोर मावशी नकाशा तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग करत होती. हात कोणीच सोडला नाही.