अबू करारचं टेकाड

"माझा नवरा चोर नाही," उम्म करार सुंदुसच्या दारातच म्हणाली. अबायाची कड तिनं मुठीत गच्च धरली होती. "तो पळालेला नाही. त्याचं काहीतरी बरंवाईट झालंय."

तिचा नवरा अबू करार उम्म-अल-रीश टेकाडाचा राखणदार. टेकाडाच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीचं गाव होतं आणि लुटारू ते पोखरत होते. मंगळवारी तो घरातून गेला, तो परतलाच नाही. इराकमधल्या नासिरियाचा बाजार म्हणू लागला, प्राचीन मुद्रा घेऊन पसार झाला.

सुंदुसनं चहा पुढे केला. पुराणवस्तू खातं सोडून ती आता खासगी तपास करायची. "जाताना काय म्हणाला?"

"रात्री नवा खड्डा पडलाय म्हणाला. माल असतो नेमकं तिथंच खणतात. इंजिनियरसाहेबांना दाखवतो, त्यांचा डोळा आभाळात आहे. मी गच्चीवर मासे वाळत घालत होते. पार टेकाडापर्यंत तो दिसत राहिला."

सुंदुसचा चुलतभाऊ झुगैर गाडी चालवायचा आणि भराभर संशय घ्यायचा. "टेकाडाजवळ मेंढ्या चारणाराच असणार," तो म्हणाला.

मेंढपाळ हाजी मतर त्यांना बघून मेंढ्या हाकू लागला. "मंगळवारी सकाळी पांढरी गाडी आली होती. बस्स. पुढचं विचारू नका, मला पोरंबाळं आहेत."

"इथं निम्म्या गाड्या पांढऱ्याच," झुगैर कुरकुरला.

इंजिनियर मुहन्नदच्या कचेरीबाहेरही एक पांढरी गाडी होती, टपावर जादा चाक बांधलेली. टेकाडांवर नजर ठेवायला उपग्रहाचे फोटो त्याच्याकडे येत. "मातीतल्या ओलीवरून पुरलेल्या भिंतीसुद्धा दिसतात मला," तो अभिमानानं म्हणाला. "हा सोमवारचा, हा बुधवारचा. कुठाय नवा खड्डा? तुमचा राखणदार थापाड्या होता."

"मंगळवारचा?"

"धुळीचं वादळ होतं. काही दिसत नव्हतं. पुसून टाकला."

दोन दिवसांनी, दिवस कलताना, सुंदुसनं सगळ्यांना टेकाडावर बोलावलं. बरोबर पोलीस होते, फावडी होती. वारा पडला होता.

"वादळात कुणी मासे वाळत घालत नाही, उस्ताद," ती मुहन्नदला म्हणाली. "मंगळवारी आभाळ स्वच्छ होतं. आणि आभाळात उपग्रह काही एकच नाही. परदेशातल्या मैत्रिणीकडून दुसऱ्याचा मंगळवारचा फोटो मागवला." तिनं तो उलगडला. "हा खड्डा. सोमवारी नव्हता, बुधवारी नाही. शेजारी पांढरी गाडी, टपावर काळं चाक."

"खड्डा वाऱ्यानं भरला असेल की," झुगैर पुटपुटला.

"एका रात्रीत? मग बाकीचे उघडे कसे? लुटारू खड्डे बुजवत नाहीत. बुजवतो तो, ज्याला आत काही लपवायचंय. भिंती कुठं पुरल्यात हे यांनाच दिसायचं, तीच माहिती हे लुटारूंना विकायचे. आणि अबू करार तक्रार घेऊन आला तो यांच्याकडेच."

मुहन्नदचा चेहरा उतरला, पण तो हसला. "मला न्या. खणणारे मोकळेच आहेत. तुमची घरं त्यांना ठाऊक आहेत."



फावडी फार खोल गेली नाहीत. आधी चप्पल लागली, मग हात.

उम्म करार रडली नाही. प्रेत आणि कैदी घेऊन पोलीस उतरू लागले, तेव्हा ती खड्ड्याच्या कडेलाच बसून राहिली.

"अंधार पडतोय, बाई. लुटारू येतील. चला," सुंदुस म्हणाली.

"म्हणूनच. नवा राखणदार मिळेपर्यंत मी बसते."

सुंदुसनं झुगैरकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो गाडीपर्यंत गेला, दिवे टेकाडाकडे वळवून लावले, आणि परत येऊन उम्म करारपासून थोड्या अंतरावर मातीत बसला.