भीमा ड्रायव्हरची चाकं

शेकोटीत चार चिपाडं टाका आणि जवळ सरका. दोन वाजेपर्यंत कॅनॉलचं पाणी काही आपल्या बांधाला लागत नाही. तोवर जागं राहायचं तर कुणीतरी बोललंच पाहिजे. तुम्हाला भुताची गोष्ट हवी, हरकत नाही. फक्त पांढरं लुगडं, उलटे पाय असलं माझ्याकडं मागू नका. मी भिगवण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात उभा जन्म काढला. जे काट्यावर चढतं तेवढंच खरं मानायची मला खोड लागलेली. ही एक गोष्ट मात्र काट्यावर चढली नाही आणि मला खोटीही पाडता आली नाही.

निमगाव केतकीचा झुंबर तुमच्यातल्या कुणी ना कुणी पाहिला असेल. काळा, किडकिडीत, आणि भांडायला कायम मोकळा. त्याच्याकडं एक जीप होती. लढाईत अमेरिकेची आलेली, लढाई संपल्यावर सरकारनं लिलावात काढलेली, चारी चाकांनी ओढणारी. स्टिअरिंग डाव्या हाताला. तीन मालक फिरून झुंबरकडं आली तेव्हा तिच्यात मूळचं फार थोडं उरलं होतं. चाकांचे नट-बोल्टसुद्धा कुणीतरी बदलून देशी बसवलेले. तरी चिखलातून अशी निघायची की बैलांनी लाजावं.

आता निमगाव म्हणजे पानमळ्यांचं गाव. पान नाजूक, तोडल्यावर फार वेळ थांबत नाही. गावात मालाची लॉरी एकच, आप्पासाहेबांची. ती दिवसा निघायची, दुपारी भिगवणला पोचायची, आणि पानांचे डाग, म्हणजे बांधलेले नग, रात्रभर माझ्या फलाटावर पडून मग सकाळच्या गाडीत चढायचे. पुण्यात डाग उघडला की निम्मं पान काळं. मळेवाल्यांनी सोसायचं आणि आप्पासाहेब देतील ते गोड मानायचं. रात्री निघून थेट सकाळची गाडी गाठावी, हे कुणालाही कळत होतं. पण रात्री कुणी निघत नव्हतं, कारण वाटेत चारीचा, म्हणजे कॅनॉलच्या फाट्यावरचा, पूल होता.

त्या पुलावरून बावन्न साली एका रात्री भीमा नावाच्या ड्रायव्हरची जीप चारीत गेली. चारी तेव्हा भरून वाहत होती. भीमा जीपखाली सापडला आणि संपला. त्यानंतर रात्री जो पुलावर जाईल त्याला मागून, अगदी जमिनीलगत आवाज यायचा. "उलटं फिर..." याचा अर्थ काय सांगायचा? आल्या वाटेनं परत जा. गाडीवान परतले, सायकलवाले परतले, एक फौजदार घोड्यावर होता तोही परतला. दोन वर्षांत रात्रीचा रस्ता ओस पडला. आप्पासाहेब पारावर बसून सांगायचे, बाहेरचं सांगतंय तर ऐकावं माणसानं. त्यांचं काय जात होतं?

झुंबरला हे सहन होईना. तो छबूबाईकडं गेला. सगळ्यात मोठा पानमळा तिचा. बाई एकटी, पण तिच्या शब्दाला सगळे मळे मान द्यायचे.

"आत्याबाई, एक रात माल माज्या गाडीत भरा," झुंबर म्हणाला. "सकाळच्या गाडीला घालतो."

"आन् पूल?"

"पूल दगडाचा हाय. मी बी दगडच हाय."

छबूबाई हसली नाही. "एकडाव माल दीन, रैवारी रातच्याला. माल गाडीला लागला तर समद्या मळ्यांचा माल तुजा. न्हाय लागला तर जीप इक आन् आप्पासाहेबाच्या लॉरीवर क्लिनर म्हणून ऱ्हा. त्यो वाटच बघतोय तुजी."

झालं. आता सगळं त्या एका रात्रीवर आलं. आणि झुंबरच्या जीपचे टायर कसे? तळहातासारखे गुळगुळीत. एकातून तर आतलं सूत दिसत होतं. शिवाय हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याचे, बोल्ट झिजलेले, चाकं त्यांच्यावर खेळत होती. ओझं घालून त्यांच्यावर निघणं म्हणजे हातानं खड्डा खणणं.

शनिवारी तो बारामतीला सावळारामकडं गेला. सावळाराम मोडीचा माल आणि टायर विकायचा. माणूस सरळ. त्यानं आधी नवे टायर दाखवले.

"ह्ये घेतलं तर गाडी पळंल," झुंबर म्हणाला, "पर मला तुज्या दारात भीक मागत बसावं लागंल."

मग रबर चढवलेले जुने टायर निघाले. वरून छान. झुंबरनं कडेला अंगठ्याचं नख घातलं, तर नवं रबर जुन्यापासून सुटत होतं. "वजन पडलं की ह्ये सालपटावानी निगंल."

मग सावळारामनं दोन उंच, दोन बुटके असे चार जमवून दिले. किंमत बरी होती. पण दोनच चाकांनी ओढणाऱ्या गाडीला चाललं असतं ते या गाडीला चालत नव्हतं.

"चारी चाकं ओढायला लावली की आतलं गेर एकमेकाचं नरडं धरत्यात," झुंबर म्हणाला. "चार सारखी पायजेत. आन् हबासकट पायजेत."

झुंबर दुकानामागं हिंडायला लागला. तिथं पत्र्याखाली चार चाकं होती. हबसकट. चारींची नक्षी एकच, खोल, मिलिटरीची. त्यानं रिमवर पान्यानं टोला दिला. स्वच्छ आवाज आला, कुठं चीर नाही.

"ही का झाकून ठिवलीस?"

"ती भीमाची हायत," सावळाराम म्हणाला. "दोन वर्सं कुणी हात लावंना. मोडीत घालायला बी माझा हात धजंना. तुला काय द्यायचं त्ये दे, न्हायतर दिऊ नको. पर मी सांगितलं न्हाय आसं म्हणू नको."

झुंबर म्हणाला, "भीमा मेला. रबर न्हाय मेलं."

रविवारी दुपारपर्यंत दोघांनी मिळून हबसकट चाकं चढवली. भीमाच्या चाकांवरचे नट गंजलेले होते. सावळारामनं प्रत्येक नटावर पाना लावून, वर पाय देऊन शेवटचा पीळ दिला. नट कुरकुरले, पण फिरले. झुंबर निघाला, उजेड होता तोवर पूल ओलांडला आणि निमगावात पोचला. गाडी रिकामी होती, वाटेत काही झालं नाही.

चोपन्न साल. मार्गशीर्ष वद्य नवमी. डाग भरून झाले तेव्हा साडेबारा वाजले होते. चंद्र दीडच्या पुढं उगवणार. छबूबाई कंदील घेऊन रस्त्यापर्यंत आली. आप्पासाहेबांच्या ओट्यावरही कुणीतरी जागं होतं, विडी लुकलुकत होती.

मैलभर गेल्यावर जीप डावीकडून थरथरायला लागली. झुंबर उतरला. ओझ्यानं नट ढिले पडले असतील म्हणून त्यानं डाव्या बाजूची दोन्ही चाकं, पुढचं आणि मागचं, पान्यानं आवळली. चांगली रग लावून. निघाला.

अर्ध्या मैलावर पुन्हा थरथर. आता जास्त. मागचं डावं चाक खडखडत होतं. पुन्हा उतरला. पुन्हा आवळलं. आवळताना नट हाताला हलका लागत होता. त्याला नवल वाटलं. पण गाडी गाठायची होती.

निघाला.

आवळावं तेवढं चाक सुटत होतं.

पूल आला. पिवळ्या दिव्यात कठडा दिसला. भीमाच्या जीपनं पाडलेलं खिंडार तसंच होतं. जीप पुलावर चढली आणि डावीकडं कलली. काहीतरी दगडावर टणकन पडलं. झुंबरनं ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. दिवेही गेले.

किडे ओरडत होते, ते थांबले.

चारीला त्या आठवड्यात पाणी सोडलेलं नव्हतं. कोरडी होती. तरी खाली पाणी वाहत होतं... भरून...

ड्रायव्हरची जागा डावीकडं. मागचं डावं चाक म्हणजे त्याच्या पाठीशीच. तिथून आवाज आला. खालून. तोंडात पाणी असलेल्या माणसासारखा.

"उलटं... फिर..."

आपल्यात सांगतात, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. झुंबरनं दिली.

"न्हाय फिरणार."

...

"ऐकू आलं का? म्या न्हाय फिरणार. गाडीत छबूबाईची पानं हायत. तुला फिरायचं तर तू फिर. मला गिळायचं तर गीळ. पर आदी माल पोचवतो, मग गीळ."

"उलटं... फिरी..."

झुंबर खाली उतरला. हे त्यानं स्वतः मला सांगितलं. म्हणाला, तात्या, धोतर भिजायचं तेवढं राहिलं होतं. पण पळालो असतो तर उद्या आप्पासाहेबानं हाक मारली की ओ द्यावी लागली असती. त्यापेक्षा हे बरं.

तो चाकापाशी बसला. काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. पाच बोल्टांवर चार नट होते. चारही दोन बोटांनी फिरतील असे. एक कमी. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, कुणीतरी बसलं होतं. त्यानं तिकडं पाहिलं नाही. काडी विझली.

गार श्वास कानाला लागला.

"उलटं... फिरीव..."

फिर नव्हे. फिरीव.

दोन वर्षं सगळा मुलूख ऐकत होता आणि शेवटच्या अक्षराआधीच पळत होता. झुंबर थांबला, म्हणून त्याला अख्खा शब्द ऐकू आला.

त्यानं नटाला पाना लावला. आपण सगळे आवळतो त्याच्या उलट्या बाजूला फिरवला. नट घट्ट बसत गेला. दुसरा. तिसरा. चौथा. हात भरून आला तरी फिरवत राहिला.

मला हे पुढं आमच्या लोको शेडच्या मिस्त्रीनं समजावलं. त्या मिलिटरी जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक धावताना नट आपोआप सुटू नये म्हणून. झुंबरच्या जुन्या चाकांना देशी बोल्ट होते, भीमाच्या हबला मूळचे. आपल्याकडं हे कुणाला ठाऊक? सावळारामनं डावीकडच्या नटांना पाय देऊन जो पीळ दिला, ते आवळणं नव्हतंच, सोडणं होतं. भीमाही त्या रात्री असाच दर मैलाला उतरून सोडत आला असणार, बिचारा, आवळतोय असं समजून. आणि कळलं तेव्हा सांगायला तोंड उरलं नाही. मला त्या माणसाचं फार वाईट वाटतं. दोन वर्षं तो जीव तोडून एकच गोष्ट सांगत होता, आणि लोक त्याला नारळ ठेवून पळत होते.

झुंबर उठला. अंधाराकडं बघून म्हणाला, "भीमाभाऊ, कळलं. पर गाडी गाठायची हाय." दुसरं त्याला काही सुचलं नाही. हँडल मारलं. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. त्यानं मागं न बघता जीप हाणली ती सूर्य उगवायच्या आत माझ्या फलाटाशी. पाच वीस. मी स्वतः घड्याळ पाहिलं.

डाग गाडीत चढले. मी एक उघडून पाहिला होता. पान असं हिरवं, की हात लावायला नको वाटावं. गाडी सुटली तेव्हा झुंबर फलाटावर फतकल मारून बसला आणि रडला. मी चहा आणवला. मग त्यानं हे सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत.

मी ऐकून घेतलं. मग माझ्या खोडीप्रमाणं विचारलं, "मागचं डावं चाक तू उलटं फिरवून आवळलंस. पण वाटेत सुलटं फिरवून ढिलं केलंस ते पुढचं डावं? ते केव्हा आवळलंस?"

झुंबरनं कप खाली ठेवला. "त्येला म्या हातच लावला न्हाय," तो म्हणाला. "याद बी न्हाय झाली, तात्या."

आम्ही दोघं जीपपाशी गेलो. फटफटीत उजाडलं होतं. मागच्या डाव्या चाकाचे चार नट घट्ट, एक गळलेला. मी पाना घेतला आणि पुढच्या डाव्या चाकाला लावला. पाचही नट जागेवर होते. एकही हलेना, मी पाय देऊन उभा राहिलो तरी हलेना. रस्ता तर सगळा कोरड्या फुफाट्याचा होता, आणि त्या पाची नटांवर चारीचा काळा गाळ होता. ओला. त्यात बोटं उमटलेली.

जीपमध्ये पाना एकच होता. आणि पुलावर तो सगळा वेळ झुंबरच्या हातात होता.