आरपार दिवळी

गजेंद्र, तो मोबाइल उलटा ठेव बे. ऐकाचं असंन तं ऐक, नाई तं घरी जाऊन झोप. निशिगंधा, तू इकडं सरक माय, शेकोटीचा सारा धूर तुह्याच डोळ्यात जाऊन राह्यला. हं... आता सांगतो. अन् मधात "आबाजी, हे खरं का?" असं कोणी इचारलं तं मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. ज्याच्यावर बेतलं त्यानं मले सांगतलं, मी तुमाले सांगून राह्यलो.

गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आधीचा सोमवार. दिवस बुडता बुडता सहदेव मिस्त्री माह्या दारात आला. कशाले, तं रिकामं खोकं मांगाले.

"उत्तम, एखादं खोकं हाये का रे? शेवटचा पाईप पाठवाचा हाये. उद्या सकाळी सारिका गाडी घेऊन येते. मले पुण्याले नेऊन राह्यली, कायमचं. जाता जाता शेगावले कुरिअर टाकून देऊ."

सारिका म्हणजे त्याची पोरगी, एकुलती एक. मी जोड्याचं खोकं काढून देलं, च्या पाजला. सहदेवच्या तोंडात दात नाई, त्यानं बिस्किट च्यात बुडवून बुडवून खाल्लं. मी म्हटलं, "घराचं काय?"

"कुलूप," म्हणे.

उठला, चपला घातल्या, अन् उंबऱ्यावर थांबला. माह्याकडं न पाहताच म्हणाला, "उत्तम, कुलूप लागल्यावर तिची माफी मांगाची कोठं रे? ती तं पुण्याले कधी गेलीच नाई."

तो खोकं काखेत मारून गेला.

तिची म्हणजे रुख्मिणीची, त्याच्या बायकोची. तिले जाऊन तवा चार वर्षं झाली होती. आता माफी कशाची, हे समजाले आधी पाईपाचं काम समजून घ्या लागन.

सहदेव आपल्या वरवट बकालचा सुतार. तुमच्या घरचे जुने दरवाजे त्याच्याच हातचे हायेत, पण तुमाले काय त्याचं! रेडीमेड दरवाजे आले, बैलगाड्या गेल्या, अन् त्याचं काम बसलं. मंग सारिकानं त्याले फोनवर एक फोटो दाखवला. तंबाखू ओढाचा लाकडी पाईप. वाकडी चिलीमच म्हणा, साहेब लोक तोंडात धरतात तशी. "बाबा, हातानं केलेल्या पाईपाले लय मागणी हाये," म्हणे. सहदेवनं करून पाह्यला. बोरीच्या मुळीची गाठ कोरून तंबाखूची वाटी केली, अन् तोंडात धराच्या टोकाले हळदूचं नरम पिवळं लाकूड लावलं. सारिकानं तो इंटरनेटवर टाकला अन् पह्यलाच पाईप गेला थेट कलकत्त्याले! मंग काय, म्हातारा पुन्हा जवान झाला. पुढच्या खोलीत त्याचं काम, मागं सैपाकघर. मधात मातीची जाड भिंत अन् त्या भिंतीत एक आरपार दिवळी, म्हणजे दोन्हीकडून उघडा कोनाडा. जुन्या काळी तिथं एक दिवा ठेवला का दोन्ही खोल्यात उजेड पडे.

पाईपात खरी खुबी भोकाची. वाटीच्या बुडापासून टोकापर्यंत बारीक भोक पाडा लागते. त्यात एवढासा भुसा अटकला तरी पाईप ओढत नाई. तपासाचं कसं, तं रिकामाच पाईप तोंडात धरून हवा ओढून पाह्याची. अन् सहदेवले तं दमा! चाळीस वर्षं भुसा खाल्लेला माणूस, दोन पायऱ्या चढला का धापा टाके. म्हणून हे काम रुख्मिणीचं. पाईप झाला का सहदेव तो दिवळीत ठेवे अन् हाक मारे, "ओढते का पाह्य वं!" पलीकडून रुख्मिणी पिठाचे हात पुसे, पाईप उचले, डोक्यावर पदर घे, जसा काई सासराच समोर बसला हाये, अन् लांब दम ओढे. सूंऽऽ. भिंतीच्या इकडं ऐकू ये. मोकळा असला तं म्हणे, "हाव." नाई तं म्हणे, "अटकते." तिचं "हाव" आल्याबिगर एकही पाईप खोक्यात गेला नाई. मी तिले चिडवो, "वयनी, एखाद्या दिवशी तंबाखू भरून पाहा," तं मले उलथनं दाखवे.

एकच खोड होती तिले. पाईप दातानं चावून धरे. तिच्या पुढच्या दोन दातात मोठी फट होती, अन् हळदू पडलं नरम. टोकावर दोन वळ उठत, मधात फट. सहदेव ते घासून काढे अन् कुरकुर करे. एकदा दिवाळीच्या तोंडावर महागाचा पाईप तयार झाला, अन् त्याच्यावर वळ. याचं डोकंच फिरलं. "तोंड हाये का घूस हाये? गिऱ्हाइकाच्या वस्तूले तुहे उष्टे दात! यापुढं माह्या कामाले तोंड लावू नको!"

रुख्मिणी भांडली असती तं बरं झालं असतं. "नाई लावत," एवढंच म्हणाली.

आठ दिवस गेले. दिवळीत तीन पाईप तसेच पडून राह्यले. यानं हाक मारली नाई, तिनं हात लावला नाई. आज बोलू, उद्या बोलू... नवव्या दिवशी पहाटे चुलीपुढं बसल्या बसल्या ती गेली. अटॅक.

तवापासून सहदेव सायकलच्या पंपानं पाईपात हवा मारून पाह्ये. काम चालू होतं, पण माणूस खंगला. एकट्यासाठी काय भाकर थापाची म्हणून मुरमुरे खाऊन झोपे. मले फार वाईट वाटे त्याचं. रस्त्यानं जाताना त्याची खिडकी दिसे. बल्ब लागलेला, अन् त्याच्याखाली हा एकटा घासत बसलेला.

तं त्या सोमवारी. घरी जाऊन तो कामाले बसला. बाकी सारं सामान बांधून झालं होतं. पाईपाले मेण लावलं, फडक्यानं घासला. साडेअकराले पाईप पुरा झाला. पंप शोधाले गेला तं पंप दुपारीच पोत्यात बांधून टाकलेला. थंडी मरणाची. बाहेर कुत्रंसुद्धा भुकत नव्हतं. सहदेव पाईप हातात घेऊन उभा राह्यला. मंग काय वाटलं त्याले कोण जाणे. गेला अन् पाईप दिवळीत ठेवला. चार वर्षांत पह्यल्यांदा.

"ओढते का पाह्य वं..."

सोताचाच आवाज ऐकून त्याले रडू आलं. म्हातारा माणूस, पोरासारखा रडला. डोळे पुसले, पाठ फिरवली, अन् पटाशा गोळा कराले वाकला.

सूं... क्.

सहदेव वाकलेला तसाच थांबला.

मांजर असंन. हवा असंन. हळूच मान वळवली.

दिवळी रिकामी.

इकडं बल्ब. तिकडं सैपाकघरात मिट्ट अंधार. बाहेर पळाले दरवाजा चार पावलावर. पण तो दिवळीकडंच पाहत राह्यला.

पुन्हा आवाज आला. अगदी भिंतीच्या पलीकडून. सूं... क्. अर्ध्यात तुटला.

मंग दिवळीत लाकूड टेकल्यासारखं वाजलं. पाईप दिवळीत होता. इकडच्या काठाले सरकवलेला. अटकते म्हटल्यावर ती जसा परत देये... तसाच.

सहदेवनं हात पुढं केला. मांगं घेतला. पुन्हा केला. मले म्हणाला, "उत्तम, तो हात दिवळीत घालाले मले किती वेळ लागला सांगता येत नाई." बोटं पाईपाले लागली. उचलला.

टोक ओलं होतं.

त्यानं तार घेतली, भोकात घातली, फिरवली. तांदळाच्या कणीएवढा बोरीचा तुकडा खाली पडला. खरंच अटकलेला होता. सहदेवनं फुंकर मारली, पाईप पुन्हा दिवळीत ठेवला, अन् भिंतीले पाठ लावून खाली बसला. पाह्याची हिंमत नव्हती.

काईच नाई... काईच नाई...

सूंऽऽऽऽ.

लांब. मोकळा. कुठं न अटकता.

आता "हाव" म्हणन. सहदेव कान देऊन बसला. भेव गेलं होतं त्याचं, पोट्टेहो. त्याले फक्त तो एक शब्द पायजे होता.

"रुख्मिणे..." तो म्हणाला. "चावलं तं चावलं वं. दोन मिनिटाचं घासणं होतं. मी उगाच बोललो."

...

"चुकलं माह्यं."

...

पलीकडून काई नाई. श्वास नाई, पाऊल नाई. एक वाजला, दोन वाजले. सहदेव तसाच बसून. "हाव" काई आलं नाई.

सकाळी सारिकाची गाडी आली. सामान टाकाले मी गेलो होतो. पाईप दिवळीत पडला होता. सारिकानं उचलला, उजेडात धरला अन् म्हणाली, "बाबा, टोकाले काई लागलं वाटते. घासून देऊ का?" अन् पॉलिश पेपर हातात घेतला.

सहदेवनं पेपर तिच्या हातातून काढून घेतला. टोकावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मंग पाईप खोक्यात ठेवला, अन् खोकं मांडीवर घेऊन गाडीत बसला. शेगावात गाडी कुरिअरपुढं थांबली तरी त्यानं खोकं सोडलं नाई. गिऱ्हाइकाचे पैसे सारिकानं परत केले.

काय बे गजेंद्र? बोल, तोंड उघडलंच हाये तं. सहदेवनंच रात्री भ्रमात चावलं असंन, असंच ना?

अरे, त्याच्या तोंडात दात कोठं हायेत? गाडीत बसाच्या आधी त्यानं तो पाईप माह्या हातात देला होता. मी अंगठ्यानं चाचपून पाह्यलं. दोन वळ होते. मधात फट.