अकरा वळणांचं इंजिन

"मिस्त्री हायत का?"

उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजच्या दारात तो उभा होता. उन्हानं रापलेला, आणि हाताशी त्याच्या वडिलांची जुनी मोटरसायकल.

"बोला की पावणं, मीच हाय," मी हात पुसत म्हटलं. माझे वडील, आबा, नेसरीला एक ट्रॅक्टर बघायला गेले होते.

मिस्त्री म्हणून पोरगी बघून तो जरा गडबडला… मग हसला. नाव कृष्णात, गाव कागल. तीन आठवड्यांनी मातीच्या ट्रॅकवर शर्यत होती. दोन वर्षं तो शेवटून दुसरा आला होता.

"सगळ्यात मोठा कॅम बसवा. गाडी उडाली पायजे!" कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह, झडपा, उघडणारा दांडा.

"उडंल की, सरळ रस्त्यावर. ट्रॅकला वळणं किती?"

"अकरा."

"मग प्रत्येक वळणातनं निघताना ती मरगळणार. मोठ्या कॅमचा जोर इंजिन जोरात फिरल्यावरच येतो. आपण कॅम मध्यम घेऊ आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म जास्त रेशोचे. व्हॉल्व्ह जास्त उघडतील, पण खालचा जोर जाणार न्हाय."

"पण सगळे मोठाच बसवत्यात."

"सगळ्यांना तुम्ही ओळखता. मला न्हाय."

"मग… ओळख करून द्या की."

माझे कान तापले. मी मातीचा मऊ गोळा त्याच्या हातावर ठेवला. "आधी हे मळा."

तो गोळा पिस्टनवर लावून आम्ही इंजिन जोडलं, हातानं फिरवलं, पुन्हा उघडलं. व्हॉल्व्हचा ठसा फार खोल गेला असता, तर चालत्या गाडीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन फुटलं असतं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. त्याचा श्वास माझ्या बटेला लागत होता.

"किती?"

"दोन मिलिमीटर जागा हाय," मी म्हणाले. "बसतंय!"

आबा परतल्यावर चिडले. "गिऱ्हाईक मोठा मागतंय आणि तू मध्यम देतीस? हरला तर नाव कुणाचं जाईल?"

"माझं," मी म्हणाले.

कृष्णात शेजारीच होता. "मध्यमच ऱ्हाऊ दे, आबा. मला पटलंय."

शर्यतीत सरळ पट्ट्यावर दोघं त्याच्या पुढं निघाले. पण वळणातनं बाहेर पडताना त्याची गाडी अशी सुटायची, की शेवटच्या फेरीत त्यानं एकेकाला मागं टाकलं. चाकभर अंतरानं जिंकला!

निवेदकानं माइकवर विचारलं, गाडीत काय केलंत?

"मी काय न्हाय केलं," तो म्हणाला. "इंजिन क्रांती चौगुलेनं बांधलंय. उद्यमनगर!"

शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा हलवत आबा ओरडले, "माझी लेक हाय ती!"

मग कृष्णात गर्दीतनं माझ्याकडं आला. केसांत चिखल, डोळ्यांत भलतीच चमक.

"गाडी तर झाली… आता रोज यायला कारण काय सांगू?"

"खरं असंल ते सांगा."

"खरं…" तो अडखळला. "तुम्ही आवडता मला. लई."

मला हसू आवरेना. "मलापण, कृष्णात. पण हे आबांना सांगायचं धाडस हाय का?"

"एकट्याला… न्हाय."

"मग चला की!"

मी त्याचा हात धरला आणि सगळ्या गर्दीसमोर, मान ताठ ठेवून, त्याला आबांकडं घेऊन निघाले.