अंधार बघायला आलेल्या बॅटऱ्या

केतकीला टेकडीवरून आकाशाचे फोटो काढता यावेत म्हणून चिंचोडीकरांनी अमावस्येच्या रात्री दोन तास गावातले सगळे दिवे बंद ठेवले, आणि अंधार कसा दिसतो ते बघायला अख्खं गाव बॅटऱ्या घेऊन टेकडीवर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीसमोर एकशे एकवीस फोटो होते आणि एकही धड नव्हता. तिला टिपायची होती सर्पिल दीर्घिका (चकलीसारखे वळसे असलेला अब्जावधी ताऱ्यांचा समूह). फोटोत मधोमध होता एक खरखरीत डाग. त्यावर कधी या कोपऱ्यात, कधी त्या कोपऱ्यात बॅटरीचा झोत. एकात तर काजवाही होता.

"संध्याकाळी सरपंचकाकू चावडीवर पडदा लावणार आहेत," ती रडकुंडीला आली. "काय दाखवू, आत्या? परत कोण माझ्यासाठी दिवे घालवणार?"

सुलूआत्या घरीच दुर्बिणी बनवायची. तिने चहात बिस्कीट बुडवलं. "रांगोजीला बोलाव."

"त्याला काय येतंय डोंबल!"

रांगोजी हा शाळेचा यंत्रमानव. मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करणं, एवढंच त्याला यायचं. टेकडीवरही त्याने गावकऱ्यांची रांग लावली होती. सगळ्यात बुटक्या म्हणून सरपंचकाकूंचा नंबर पहिला लागला, आणि त्या रुसल्या होत्या.

"हे बघ," आत्या म्हणाली, "दीर्घिका सगळ्या फोटोंत एकाच जागी आहे. बॅटऱ्या मात्र दर फोटोत वेगळीकडे. आता फोटोतला एकच ठिपका घे. सगळ्या फोटोंत तो किती उजळ आहे, त्याची रांग लाव. अंधारे पुढे, उजळ मागे. बॅटरीवाले कुठे जातील?"

"शेवटी!"

"आणि आपण उचलायचा मधला, एकसष्टावा. तो मध्यक (रांगेच्या बरोबर मधली किंमत). खरखरही दर फोटोत वेगळी, तीही अशीच बाजूला पडते."

रांगोजीने लाखो ठिपक्यांच्या रांगा लावल्या. दर रांगेला तो "सावधान!" ओरडायला लागला, तेव्हा आत्याने त्याचा आवाजच बंद केला. झोत विरले, काजवा गेला, आणि डागातून दोन वळसे उलगडले.

संध्याकाळी चावडीवरच्या पडद्यावर दीर्घिका झळकली.

"हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता," केतकी म्हणाली.

काकू उठून पडद्याजवळ गेल्या. "सगळं खरं गं. पण माझी बॅटरी कुठाय यात?"

"ती रांगेत सगळ्यात शेवटी गेली, काकू."

"शेवटी? म्हणजे सगळ्यात उंच?" काकूंचा चेहरा खुलला. "मग पुढच्या अमावस्येला परत दिवे बंद!"