भरत आलेल्या पिंपाचा आवाज

मोबाईल ठेवा खाली. ऐकायचंय तर नीट ऐका. मध्येच कुणी खिदळलं तर मी उठून झोपायला जाईन, सांगून ठेवतो.

माझा जोडीदार, नळवाला. आमचं दोघांचं तीस वर्षांचं काम एकच, लोकांच्या छतावरचं पावसाचं पाणी पाइपनं टाकीत उतरवायचं. दोन वर्षांमागं, एकोणीस जुलैला, आम्ही शाळेच्या टाकीचं काम उरकलं. मी त्याला दाराशी सोडलं आणि घरी गेलो. साधा दिवस होता.

त्याच्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार! गावभर टाक्या बसवल्या आणि याच्याकडं पाच पिंपं. पन्हळीला रबरी नळी. एक पिंप भरलं की वहिनी ती दुसऱ्यात टाकायच्या. नळाचं पाणी खारट, त्यामुळं चहापासून कपड्यांपर्यंत सगळं पावसाच्याच पाण्यावर. झोपेतसुद्धा त्यांचा कान तिकडंच. रिकाम्या पिंपात पाणी घोगरं वाजतं, भरत आलं की आवाज बारीक होतो. बारीक झाला की त्या उठायच्या. "अहो, आपली टाकी कधी?" विचारलं की हा म्हणायचा, "या रविवारी." मी म्हणायचो, "वहिनी, याचा रविवार कॅलेंडरात नाही." त्या हसायच्या बिचाऱ्या.

त्या जुलैच्या आदल्या पावसाळ्यात वहिनी अशाच एका रात्री उठल्या आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. डोक्याला लागलं. गेल्या. हा आत घोरत होता.

मग महिन्याभरात टाकी बसवली यानं. पिंपं भंगारवाल्याला देऊन टाकली. मला सारखं एकच म्हणायचा, "ती माझ्यावर रागावून गेली रे."

तर त्या एकोणीस तारखेच्या रात्री सव्वादोनला त्याला जाग आली. वीज गेलेली. बाहेर पाऊस. आणि पिंपात पाणी पडत होतं.

घोगरा आवाज.

घरात पिंप एकही नव्हतं. तो तसाच पडून राहिला. आवाज बारीक होत गेला... आणखी बारीक... मग थांबला. क्षणभरच. पुन्हा घोगरा.

कुणीतरी नळी बदलली होती.

दुसरं भरलं. तिसरं. चौथं... तो मोजत होता. पाचवं बारीक व्हायला लागलं, तसं त्यानं दार उघडलं. अंगणात काही नाही. काळोख. पायरीवर मात्र...

नाही. ते त्यानं मलाही सांगितलं नाही.

एवढंच म्हणाला, की तो भर पावसात खाली बसला. "अगं, टाकी बसवलीय आता. तू उठू नकोस. चुकलो मी... झोप तू."

आवाज थांबला.

ढसाढसा रडला तो. मग आत आला, कडी घातली आणि ओल्या शर्टानंच फरशीवर आडवा झाला.

सकाळी मी बोलवायला गेलो, तर हा दारात बसलेला. अंगात दुसरा शर्ट, कोरडा. ओला दोरीवर वाळत घातलेला.

"मी नाही बदलला," म्हणाला.

"अरे, झोपेत बदलला असशील."

त्यानं नुसती मान वर केली. त्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण वर्षभर नव्हतं, ते आता होतं. पक्कं शिवलेलं. दोरा तोडायचा तेवढा राहिला होता, आणि त्याच्या टोकाला सुई लटकत होती.